आईंना मशीनचं चालत नाही

घाटकोपर, रविवार, ५ जानेवारी २०२५

सौ. गंधाली,

किरणभावोजींबरोबर आईंची पिशवी पाठवते आहे. साखरेच्या गोळ्या निळ्या डबीत आहेत, प्रेशरच्या पांढऱ्या डबीत. साखरेची गोळी पोटात काहीतरी गेल्याशिवाय द्यायची नाही. त्या स्वतः सांगणार नाहीत, गोळी घेऊन मोकळ्या होतील. तेव्हा समोर बसून लक्ष ठेवावं लागतं. तू सकाळी आठला ऑफिसला निघतेस, तुला कसं जमेल ते तू बघ.

सोमवारी त्यांचं शिवराक असतं. त्या दिवशी मच्छीचं भांडंसुद्धा समोर नको. आणि वाटप पाट्यावरचं लागतं. तुझ्याकडे पाटा नाही हे मला माहीत आहे, पण सांगणं माझं काम. मशीनचं वाटप त्यांना एका घासात कळतं. बोलत नाहीत, ताट पुढे सरकवतात. पंचवीस वर्षं बघते आहे मी.

आई हवापालट म्हणून आल्या आहेत. पंधरा दिवसांत परत येतील. तुमच्या दहिसरच्या बिल्डिंगमध्ये कोणी विचारलं तर हेच सांग. आमच्याकडेही मी हेच सांगितलंय.

फोन केला असता, पण आपलं फोनवर दोन वाक्यांच्या पुढे जात नाही. तुम्ही वेगळे झालात तेव्हापासून नऊ वर्षं हे असंच चाललंय. कागदावर निदान मधेच कोणी फोन ठेवत नाही.

शुभा

*

घाटकोपर, रविवार, २६ जानेवारी

गंधाली,

पंधरा दिवसांचे तीन आठवडे झाले.

भावोजींनी ह्यांच्या फोनवर फोटो पाठवला. ह्यांनी मला दाखवला आणि हसत म्हणाले, "बघ, आई कशी मजेत आहे." आई तुझ्या ओट्याजवळ खुर्ची टाकून बसल्यात, समोर तो पांढरा फूड प्रोसेसर, आणि आईंचा हात त्याच्या झाकणावर. पाळीव मांजर असल्यासारखा. खाली भावोजींनी लिहिलंय, आईने आज स्वतः कोबी चिरला.

मी फोटो मोठा करून पाहिला. वाटीत हिरवी चटणी होती. ह्यांना म्हटलं, विचारा भावोजींना, ही चटणी कशावर वाटली. ह्यांनी विचारलं. उत्तर आलं, मशीनमध्ये, आईने दोनदा मागून घेतली.

दोनदा मागून घेतली.

तुला एक सांगते. माझ्या लग्नात, नव्याण्णव साली, बाबांनी मला मिक्सर दिला होता. मी तो ओट्यावर ठेवला तर आई म्हणाल्या, "ह्या माळ्यार ठेव गो. मशीनाचा माझ्या घशाखाली उतरना नाय." मी ठेवला. दुसऱ्या दिवशी पहाटे पाट्यावर बसले, ती बसलेच. निहारच्या वेळी सातव्या महिन्यात पाट्यासमोर बसता येईना, तर पाटा स्टुलावर ठेवून उभ्याने वाटलं. कोणी वाटायला सांगितलं नव्हतं, हे खरं. पण नको असंही कोणी म्हटलं नव्हतं. तू या घरात सहा वर्षं होतीस. तुला सकाळची घाई, म्हणून वाटप माझ्याकडे. संध्याकाळी तू दमून यायचीस, म्हणून वाटप माझ्याकडे. आई तुला वाढताना म्हणायच्या, पोरगी दमली. तेव्हा मी काही बोलले नाही.

आणि आता तू बटण दाबतेस आणि त्या दोनदा मागून घेतात.

भावोजी सांगत होते की सोमवारसाठी तू त्या मशीनचं वेगळं भांडं आणलंस, त्याला लाल दोरा बांधून ठेवलायस. खूप हुशार आहेस तू. मला हे सुचलं नसतं, कारण मला कधी भांडंच मिळालं नाही.

आईंना पुढच्या रविवारी पाठवून दे.

शुभा

*

घाटकोपर, शनिवार, १५ फेब्रुवारी

गंधाली,

भावोजी आले, एकटेच आले. म्हणाले, "आई रमली आहे वहिनी, पाडव्यापर्यंत राहू दे." तुझं पत्र नाही, निरोप नाही. ठीक आहे.

आज मी तुला जे लिहिते आहे ते ह्यांनाही माहीत नाही. मी तस्साच फूड प्रोसेसर आणलाय. स्टेशनजवळच्या दुकानात भावोजींचा फोटो दाखवला आणि म्हटलं, हाच पाहिजे. रिक्षातून आणला, पलंगाखाली चादरीत गुंडाळून ठेवला. हे ऑफिसला गेले की काढते आणि ते यायच्या आत पुसून परत ठेवते. बावन्न वर्षांची बाई स्वतःच्या घरात चोरून कांदा चिरते, असं कधी ऐकलंयस?

पहिल्या दिवशी तो सुरूच होईना. मला वाटलं फसवलं दुकानदाराने. तासाभराने कळलं की झाकणाची खूण खाचेत टक्‌ करून बसल्याशिवाय तो चालत नाही. मग कांदे घातले आणि बटण दाबून धरलं. चिरायचे होते, त्यांची लापशी झाली. दुसऱ्या दिवशी कणीक. पाणी एकदम ओतलं. सगळी कणीक पात्याला चिकटली आणि मशीन ओट्यावर स्वतःहून चालायला लागलं, मी दोन्ही हातांनी धरून उभी. खोबऱ्याचे मोठे तुकडे टाकले तर आतून दगड फोडल्यासारखा आवाज. ते सगळं पिशवीत बांधून मी खाली कचऱ्यात टाकून आले, शेजारच्या मानसीला दिसू नये म्हणून जिन्याने.

मी तुझा विचार करत होते. हिला पहिल्याच दिवशी जमलं असणार, असं मनात येऊन इतकं जळले ना, की दुपारी जेवलेच नाही.

काल कोबी केला. चकती लावली, वरच्या नळीतून कोबीच्या फोडी सोडल्या आणि दट्ट्याने दाबल्या. मिनिटभरात परात भरली. केसासारखा बारीक, सगळा एकसारखा. आणि खांदा दुखला नाही. मी तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले आणि मला रडू आलं. कोबीसाठी.

खांद्याचं तुला माहीत नाही. जून महिन्यापासून माझा उजवा हात कानाच्या वर जात नाही. डॉक्टर म्हणाले, खांदा गोठलाय, जोराचं काम बंद. मी ह्यांना सांगितलं, आईंना नाही. त्या म्हणाल्या असत्या, आमच्या वेळी खांदे नव्हते काय.

आता ऐक, आई हवापालटाला आलेल्या नाहीत. तीन जानेवारीला माझा हात पाट्यावर हलेना. मी मानसीकडे जाऊन तिच्या मिक्सरमध्ये वाटप फिरवून आणलं. आईंनी एक घास घेतला आणि ताट सरकवलं. कोणाकडचं मशीनचं आलं की त्या हेच करायच्या, पण त्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "मग धाकटीकडे जा. बघू ती काय वाटून घालते ते." मला वाटलं, दहिसरला जाऊन दोन दिवसांत परत येतील आणि मला म्हणतील, तुझ्यासारखं कोणी नाही. मी त्याची वाट बघत होते.

तुझ्याकडे कोणी ताट सरकवलं नाही. हे मला सहन होत नाहीये. आता तुला कळलं, तर आईंना पाठव.

शुभा

*

घाटकोपर, गुरुवार, २० फेब्रुवारी

गंधाली,

हे पत्र कुरियरने पाठवते आहे, कारण रविवारपर्यंत थांबले तर माझी हिंमत जाईल. भावोजींचा काल संध्याकाळी फोन आला. आई बाथरूमच्या दारात चक्कर येऊन बसल्या, साखर एकदम खाली गेली, नर्सिंग होममध्ये सलाइन लावलं, आता घरी आणलंय. म्हणाले, "दोन दिवस नीट जेवत नव्हती. पोट बरं नाही म्हणत होती. गंधालीला काही कळेना, ती सारखी विचारते आहे माझ्या हातून काय चुकलं."

तुझ्या हातून काही चुकलेलं नाही. माझ्या हातून झालंय.

सोमवारी दुपारी तू ऑफिसात असताना मी आईंना फोन केला. त्या नाचणीची पेज घेत होत्या. खुशीत होत्या. म्हणाल्या, "सकाळी गंधालीन मशीनात खोबऱ्याची चटणी केल्यान, मऊसूत." मी म्हटलं, "कुठल्या भांड्यात?" त्या म्हणाल्या, "सोमवाराचा आसा ना वेगळा." मी म्हटलं, "आई, तुम्हाला सांगायला नको, पण ते वेगळं भांडं नुसतं दाखवायला आहे. तुम्ही झोपलात की ती त्याच भांड्यात कोलंबीचं वाटप करते. भावोजींनीच सांगितलं मला."

भावोजींनी असं काही सांगितलं नव्हतं. तुझ्या लाल दोऱ्याचं मला माहीत होतं. माहीत असून बोलले.

आईंनी फोन ठेवला. मला वाटलं, आता भांडतील तुझ्याशी, पिशवी भरतील आणि येतील. मी संध्याकाळी गादीवर धुतलेली चादरसुद्धा घातली.

त्या भांडल्या नाहीत. नुसत्या जेवल्या नाहीत. चहा-बिस्किटावर राहिल्या आणि साखरेची गोळी मात्र वेळेवर घेत राहिल्या. तिथे समोर बसायला दिवसा कोणी नव्हतं, हे मला ठाऊक होतं. मीच तुला लिहिलं होतं की त्या सांगणार नाहीत.

भावोजींशी बोलताना मला कळलं की आईंनी माझं नाव घेतलेलं नाही. कोणालाच काही बोलल्या नाहीत. म्हणजे मी गप्प बसले असते तर हे कधी बाहेर आलं नसतं. रात्रभर हेच डोक्यात होतं. सकाळी ह्यांना सांगितलं. ते चहा पीत होते. कप खाली ठेवून म्हणाले, "शुभा, तिला काही झालं असतं तर?" एवढंच म्हणाले आणि डबा न घेता निघून गेले.

तू माझ्यावर ओरडलीस तर मी ऐकून घेईन. भावोजींना हे पत्र दाखव. आईंना सांग की भांडं स्वच्छ आहे, त्यांच्यासाठीच आणलेलं आहे. मी सांगितलं तर आता त्यांचा विश्वास बसेल की नाही, माहीत नाही.

रविवारी मी येते आहे. दार उघडायचं की नाही ते तुझ्या हातात.

शुभा

*

घाटकोपर, रविवार, २ मार्च

गंधाली,

गेल्या रविवारी तू दार उघडलंस.

मला वाटलं होतं तू काहीतरी बोलशील. मी मेट्रोत बसून उत्तरं पाठ केली होती. तू नुसतं म्हणालीस, "चहा ठेवलाय वहिनी, साखर आईंच्या कपात नाही घालायची." आणि मग पायात चप्पल घालून औषधं आणायला गेलीस. औषधं तुझ्या टेबलावर पडलेली मला दिसत होती. मला आईंजवळ एकटं सोडण्यासाठी गेलीस, ते कळलं. किंवा माझं तोंड बघवत नव्हतं म्हणून गेलीस. दोन्ही बरोबर आहे.

त्या अर्ध्या तासात काय झालं ते आईंनी तुला सांगितलं नसणार. म्हणून सांगते.

त्या पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. हाताला सलाइनची निळी खूण होती. मी पाय धरले. त्या म्हणाल्या, "पाय सोड. बस." मी बसले. मी सगळं सांगितलं, भावोजींचं नाव खोटं घेतलं तेसुद्धा. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "माका ठावक होता."

मी म्हटलं, काय ठावक होतं?

"तू खोटा बोलतंस ता. किरण बायकोची चुगली करणारो न्हय. आणि ही सोमवारी ता भांडा दोनदा घासता, मी बघलंय."

"मग जेवलात का नाही, आई?"

त्या खिडकीकडे बघत राहिल्या. खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं, त्याची पिपाणी वाजत होती. ती थांबल्यावर म्हणाल्या, "तू असा बोलशीत, ह्या माका सोसला नाय. घास वरच येय नाय."

गंधाली, सलाइन लावलेलं मी बघितलं नव्हतं, हे वाक्य मात्र तोंडावर ऐकलं.

तरी मी विचारलंच. मी इतकी हट्टी आहे की त्या क्षणीसुद्धा मला ते विचारायचंच होतं. म्हटलं, "आई, मला एक सांगा. पंचवीस वर्षं माझ्याकडे मशीनचं चाललं नाही. हिच्याकडे पहिल्या आठवड्यात कसं चाललं? माझ्यात काय कमी होतं?"

त्या माझ्याकडे बघायला लागल्या, जणू मी फार साधं काहीतरी विचारलं होतं.

"तिना माका पयल्याच दिवशी सांगल्यान. आई, माझ्याकडे पाटो नाय, आणि आणूचोय नाय. मशीनाचा करतलंय, आवाडला तर खावा, नायतर डाळ-भात आसा. मी खाल्लंय. काय करतलंय?" आणि मग म्हणाल्या, "तू कधी नाय म्हटलंस? तू वाटीत गेलंस, मी खायत गेलंय."

मी म्हटलं, "माझा खांदा गेलाय आई. जूनपासून."

"माका कोणी सांगल्यान?"

कोणी नाही सांगितलं. मीच नाही सांगितलं. मला वाटायचं, त्यांनी बघावं. मी भांडी लावताना डाव्या हाताने लावते, त्यांनी विचारावं. त्यांनी विचारलं नाही आणि मी त्याचा राग साठवत राहिले. त्यांचंही चुकलंच, आणि ते मी त्यांना बोलून दाखवलं. म्हटलं, "तुम्हाला दिसायला हवं होतं." त्या म्हणाल्या, "व्हय." आणखी काही नाही, फक्त व्हय. पण इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा व्हय म्हटलं.

तू परत आलीस, तेव्हा चहा गार झाला होता.

पुढचं तुझ्यासमोरच झालं. आई पदर सावरून म्हणाल्या, "शुभा, पिशवी भर. माका घाटकोपराक व्हर." तू माझ्याकडे बघितलंस. तुला वाटलं असणार, हिला पाहिजे होतं ते मिळालं, आता घेऊन जाईल. मलाही तसंच वाटलं. दोन महिने मी हेच एक वाक्य ऐकायला थांबले होते. तुझ्या घरात, तुझ्यासमोर, त्या तुझ्या मशीनच्या शेजारी बसून त्यांनी मला ने म्हणावं, याच्यापेक्षा जास्त मला काही नको होतं.

आणि मी म्हटलं, "नाही, आई. आत्ता नाही. हात बरा होईपर्यंत मी कोणाचं करणार नाही. पाडव्यानंतर या. आणि याल तेव्हा वाटप मशीनचं असेल."

माझाच आवाज मला ओळखू येईना. मला वाटलं आई आता तोंड फिरवतील. पण त्या तुला म्हणाल्या, "गंधाली, चाय गरम कर गो," आणि मला म्हणाल्या, "मशीनाच्या वाटपात मीठ बेताचा घाल. हिचा जास्त पडता." तू हसलीस. तुला ते हसण्यासारखं वाटलं, मला तेव्हा हसू येत नव्हतं.

निघताना तू मला जिन्यापर्यंत सोडायला आलीस आणि औषधाच्या पाकिटाच्या मागे लिहून दिलंस. कांद्याला बटण दाबून धरायचं नाही, दाब-सोड, दाब-सोड, चार वेळा. कणकेला पाणी वरच्या भोकातून, धार बारीक. खोबऱ्याचे तुकडे नखाएवढे करायचे आणि आधी कोरडंच फिरवायचं. सगळं वाचून झाल्यावर तू म्हणालीस, "वहिनी, त्या पत्राचं मी विसरणार नाही. पण कणकेचं काही अडलं तर विचारा." मी ते बरोबर ऐकलं. दोन्ही वाक्यं बरोबर ऐकली.

खोटं कशाला सांगू, मत्सर गेलेला नाही. काल ह्यांच्या फोनवर आईंचा आवाज आला, मागे तुझं मशीन चालू होतं आणि त्या तुला काहीतरी सांगत हसत होत्या. मला लागलं. मी फोन ह्यांच्या हातात देऊन आत गेले. पण आत जाऊन मी काही केलं नाही. म्हणजे काही वाईट केलं नाही. फिजिओने सांगितलेली भिंतीवर बोटं चढवायची कसरत केली. बोटं परवापेक्षा वीतभर वर गेली.

त्या रविवारी तुमच्याकडून परतल्यावर पलंगाखालून मशीन काढून ओट्यावर ठेवलं. हे दारात उभे. विचारलं, हे कधी आणलंस? मी सांगितलं. कणीक त्यातच मळली. बारीक धारेने, तू लिहिलंस तशी. गोळा सुटून आला, भांडं स्वच्छ. कांदा चार वेळा दाबून सोडला, कोबी चकतीवर. अर्ध्या तासात पोळ्या, भाजी, कोशिंबीर झाली.

ह्यांनी कोशिंबीर चमच्याने उचलून बघितली. मग म्हणाले, "आईला आणलं नाहीस?"

"नाही. त्या येते म्हणत होत्या. मी नाही म्हटलं."

"तू? आईला?"

"हो."

ते म्हणाले, "मग आता?"

मी म्हटलं, "आता जेवायला बसा."

शुभावहिनी